तळव्याआडची ज्योत

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. घरी तसबीर असेल तर तिच्यापुढे बसा. नसली तरी कॅलेंडरवर, कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत तुम्ही ते पाहिलेलं असणार. साडीतली एक स्त्री उभी आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीच्या आड. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’. घाई नको. श्वास त्याच्या चालीनं येऊ-जाऊ द्या.

चेहऱ्याकडे लगेच जाऊ नका. ही सवय कोल्हापूरकरांना शिकवावी लागत नाही. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीचे फक्त चरण उजळतात. दुसऱ्या दिवशी ती वर चढतात, मुखापर्यंत पोचायला तिसरा दिवस उजाडतो. ढग आले तर तेही घडत नाही. तरी माणसं हात जोडून थांबलेली असतात. तुमची नजरही तशीच खालून वर येऊ द्या. आधी साडीचा घोळ. मग तिचं उभं राहणं. वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून सगळं अंग कसं सावध झालंय, ते पाहा.

आता हात. इथे हवा तेवढा वेळ थांबा.

बोटं आतून पेटल्यासारखी तांबूस दिसतात. आज दिवेलागणीला निरंजन लावाल तेव्हा आपलाही तळवा आड धरून बघा. बोटांच्या कडा लाल होतील. ते आपलं रक्त, उजेडात दिसणारं. हळदणकरांनी हे जलरंगात रंगवलं, आणि माझ्या लेखी चित्राचं सगळं मोठेपण या चार बोटांत आहे. तैलरंगात चुकलं तर वर दुसरा थर देता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कागदच. तो जिथे हवा तिथे कागद उघडा ठेवावा लागतो, किंवा त्यावर अगदी पातळ रंग फिरवावा लागतो. एकदा जागा काळवंडली की ती पहिल्यासारखी लख्ख होत नाही. म्हणजे ज्योतीची जागा चित्रकारानंही तळवा धरूनच जपली.

क्षणभर डोळे मिटा. मन दूर, क्योटोला जाऊ द्या.

जपानमध्ये सुंदर स्त्रियांच्या चित्रांची जुनी परंपरा आहे, बिजिनगा. विसाव्या शतकात क्योटोच्या उएमुरा शोएन या चित्रकर्तीनं ती पुढे नेली. तिच्या जन्माआधीच वडील वारले. आईनं चहाचं दुकान चालवून मुली वाढवल्या. 1948 साली जपानचा संस्कृती सन्मान मिळालेली ती पहिली स्त्री. तिच्या 1941च्या ‘युगुरे’ म्हणजे संध्याकाळ या चित्रात एक बाई कागदी सरकत्या दाराशी येऊन, उरल्यासुरल्या उजेडात सुईत दोरा ओवते आहे. नजर सुईच्या नेढ्यावर. आपण सुंदर दिसतो की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. मला ती हळदणकरांच्या दिवेवालीची सख्खी बहीण वाटते. दोघींचं लक्ष हातातल्या कामात आहे, आणि आपण बघत राहावं असं जे काही आहे, ते त्या लक्ष देण्यातच आहे.

डोळे उघडा. आता चेहरा पाहा. उजेड खालून आलाय. हनुवटी, ओठ, गाल, मग कपाळ. सावकाश.

हा चेहरा कल्पनेतला नाही. ही हळदणकरांची लेक, गीता. चित्र 1945-46च्या सुमाराचं. वडिलांसाठी ती हातात दिवा धरून उभी राहिली. पुढे त्या गीता उपळेकर कोल्हापुरात राहिल्या आणि 2018 साली, शंभरी ओलांडून, इथेच वारल्या. लाखो घरांच्या भिंतींवर तरुण राहिलेल्या या बाई इथे आपल्यातच म्हाताऱ्या झाल्या. त्याच गालांवर सुरकुत्या आल्या, केस पांढरे झाले. दोन्ही चेहरे मनात शेजारी ठेवा. एकाला दुसऱ्याहून सुंदर म्हणायची गरज नाही. नुसते पाहत राहा, आणि श्वास सोडा.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. तिथे राजा रविवर्म्याची चित्रंही आहेत, त्यामुळे हेही त्याचंच, असं पुष्कळजण समजतात. रविवर्मा 1906 सालीच वारला होता. यापुढे कुणी तसं म्हणालं तर एवढं करा: सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांचं नाव सांगा, आणि त्यांच्यासाठी दिवा धरून उभ्या राहिलेल्या गीताचंही सांगा.