अदृश्य श्रोत्याच्या नावाने

धर्मकार्यासाठी द्रव्य मागावे की मागू नये, हा प्रश्न धर्माइतकाच जुना आहे. ज्याला परमेश्वरावर भरवसा आहे त्याने माणसापुढे हात का पसरावा, असे एक पक्ष विचारतो. हात पसरल्यावाचून कोणते देऊळ उभे राहिले आणि कोणते अन्नछत्र चालले, असे दुसरा पक्ष उलट विचारतो. आम्ही या वादाचा विचार एका निराळ्या क्षेत्रात करू इच्छितो. ते क्षेत्र म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचे नभोवाणीकार्य. आमच्या बहुतेक वाचकांचा त्या धर्माशी संबंध नसेल. परंतु वर्गणीच्या प्रश्नाचे सर्व पदर तेथे जितके उघडे पडतात तितके अन्यत्र क्वचितच पडत असतील. शिवाय परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणां सर्वांस वर्गणी मागणारी पत्रे येतच असतात. गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार असो, शाळेची इमारत असो की महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव असो, हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावर उभा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरातून २ जानेवारी १९२१ रोजी एका चर्चमधील उपासना नभोवाणीवरून ऐकविण्यात आली. व्हॅटिकनचे केंद्र मार्कोनीच्या हातून १९३१ साली सुरू झाले. त्याच वर्षीच्या नाताळात दक्षिण अमेरिकेतील क्वितो येथे क्लॅरेन्स जोन्स व त्याच्या सहकाऱ्यांनी एक लहानसे केंद्र चालू केले. त्या वेळी त्या देशात रेडिओसंच बोटांवर मोजण्याइतकेच होते. पुढे १९४८ साली मनिला येथे, १९५४ साली टँजियर येथे आणि १९६३ साली आदिस अबाबा येथे अशी केंद्रे निघाली. सेशेल्स बेटांवरील केंद्राने १९७० पासून २००३ पर्यंत लघुलहरींवरून भारतीय भाषांतही कार्यक्रम दिले. या सर्वांना पैसा लागला, आणि तो बहुतांशी देणग्यांतून आला.

आता या कार्याचे वैशिष्ट्य पाहा. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरता येते. लहरीवर ते कोरता येत नाही. अन्नछत्रात किती पाने उठली हे मोजता येते. लहर किती कानांपर्यंत पोचली हे कोणी मोजावे? प्रक्षेपकाची वीज एका श्रोत्यासाठी जितकी जळते तितकीच एका लक्षासाठी जळते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, देणारा एका खंडात असतो, तर ज्याच्यासाठी द्यावयाचे तो दुसऱ्या खंडात. दोघांची गाठ कधी पडत नाही. दोघांच्या मध्ये उभा असतो तो मागणारा, आणि त्याच्या हाती पुरावा म्हणून असतात ती श्रोत्यांची पत्रे. नैतिक प्रश्न नेमका येथे उभा राहतो.

ख्रिस्ती परंपरेत मागण्याच्या दोन रीती प्रसिद्ध आहेत. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने १८३६ पासून अनाथगृहे चालविली आणि आयुष्यात दहा हजारांवर मुले सांभाळली. कोणा माणसापाशी पैसा मागावयाचा नाही, गरज सांगावयाची ती फक्त ईश्वराला, असा त्याचा नेम होता. उलट अमेरिकेचा धर्मोपदेशक मूडी धनिकांच्या दारी जाऊन उघड मागत असे. पहिली रीत उदात्त दिसते, दुसरी व्यवहारी. परंतु म्युलर आपल्या संस्थेचे वार्षिक वृत्तान्त छापून प्रसिद्ध करीत असे. आज सकाळी भांडारात काही नव्हते आणि दुपारी अनपेक्षित देणगी आली, असे प्रसंग त्यांत असत. हे वाचून वाचकाचे मन द्रवणार नाही काय? मौन हीदेखील एक प्रकारची मागणी होऊ शकते. म्हणून न मागणारा शुद्ध आणि मागणारा अशुद्ध, ही विभागणी आम्हांस फार ढोबळ वाटते.

म्युलरचे चरित्र आपल्या पंडिता रमाबाईंनी वाचले होते आणि केडगावच्या मुक्तिसदनाचा कारभार त्याच श्रद्धेने चालविला होता. परंतु त्याआधीचा त्यांचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. १८८७ साली बोस्टन येथे त्यांच्या साह्यार्थ मंडळ निघाले व त्याने दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले. त्या बळावर १८८९ साली शारदा सदन सुरू झाले. सदनात कोणावर धर्माची सक्ती होणार नाही, असा त्याचा बाणा होता. पुढे रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, तेव्हा वाद पेटला आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. सक्ती नव्हती हे रमाबाईंचे म्हणणे खरे मानले, तरी प्रश्न उरतोच. पैसा घेताना उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ देणाऱ्याने एक लावला, पालकांनी दुसरा आणि चालविणाऱ्याने तिसरा. देणगी ही केवळ रक्कम नसते; तिच्यामागे एक वचन असते, आणि ते जितके मोघम तितका पुढचा कलह मोठा.

लहान देणग्यांवर चालणारी संस्था आपोआप पवित्र असते, असा एक समज आहे. तो आपल्या मनाला भावतोही, कारण पै-पैशाने उभारलेला पैसा फंड आणि त्यातून तळेगावला निघालेला काचकारखाना हा आपल्या अभिमानाचा विषय आहे. बायबलातही गरीब विधवेने टाकलेल्या दोन नाण्यांना श्रीमंतांच्या राशींहून श्रेष्ठ मानले आहे. परंतु मिशिगनमधील फादर चार्ल्स कॉफलिनची कथा याला छेद देते. १९२६ साली त्याने नभोवाणीवर बोलण्यास आरंभ केला. लक्षावधी श्रोते, पत्रांचे ढीग आणि त्या पत्रांतून सामान्य माणसांच्या लहान लहान नोटा! याच आवाजातून पुढे ज्यूद्वेष पाझरू लागला, आणि अखेर १९४० साली तो बंद झाला. देणाऱ्याचे पुण्य त्याच्यापाशीच राहते. ते घेणाऱ्याच्या खाती आपोआप जमा होत नाही.

दुसरे टोक म्हणजे धमकी. १९८७ साली ओरल रॉबर्ट्स या अमेरिकन धर्मोपदेशकाने, ८० लक्ष डॉलर जमले नाहीत तर परमेश्वर आपल्याला या जगातून बोलावून घेईल, असे जाहीर केले. दूरचित्रवाणीवरील दुसरा उपदेशक जिम बेकर १९८९ साली देणगीदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरला. ही उदाहरणे दाखवून सर्वच धर्मकार्याला नावे ठेवणे सोपे आहे; पण खोट्या नाण्यांवरून टांकसाळीचा निवाडा करू नये. तथापि बेकर हिशेबात चुकला, तर रॉबर्ट्स हिशेबाच्याही अलीकडे, मागण्यातच चुकला. त्याने देणाऱ्याला नकाराचे स्वातंत्र्यच ठेवले नाही. जेथे 'नाही' म्हणणे पाप ठरते तेथे 'हो' म्हणणे दान राहत नाही. ती खंडणी होते.

आपल्या परंपरेने भिक्षेला शास्त्र दिले ते याच कारणाने असावे. समर्थांनी दासबोधात भिक्षानिरूपणाचा स्वतंत्र समास लिहिला आहे. मधुकरी हा शब्दच पाहा. मधमाशी फुलाफुलांतून थोडे थोडे घेते आणि फूल कोमेजत नाही. मधुकरी मागणारा दारात उभा असे. त्याचा चेहरा घरच्या माउलीला दिसे आणि उद्या पुन्हा तेथेच यावयाचे आहे हे त्याला ठाऊक असे. नभोवाणीसाठी मागणाऱ्याला हा सोज्वळ धाक नाही. देणाऱ्याने श्रोता पाहिलेला नाही. मागणारा त्याचे जे चित्र काढील तेच खरे. मग चित्र गडद करण्याचा मोह होतो. श्रोता जितका अज्ञानी, जितका दीन, जितका अंधारात दाखवावा तितकी झोळी भरते. प्रत्यक्षात तो श्रोता दिवसभराचे काम आटोपून, खोलीत दिवा मालवून, संचाची खुंटी फिरवीत परक्या मुलखात आपली भाषा शोधणारा स्वाभिमानी मनुष्य असेल. तसे श्रोते आपणही होतो. रात्री खरखरीतून कोठून तरी मराठी शब्द आला की आपण थबकत असू. त्या थबकण्याचे वर्णन 'तहानलेला अंधारातील जीव' असे करून कोणी दूर देशी पैसे जमविले असते, तर आपणांस काय वाटले असते?

यावरून आम्ही एक कसोटी सुचवितो. ज्याच्या नावाने मागावयाचे त्याला ऐकू जाईल अशाच शब्दांत मागावे. नभोवाणीला ही कसोटी विशेष शोभते, कारण लहर कोणाचा कान निवडीत नाही. देणगीदारांना पाठविलेले विनंतिपत्र उद्या त्याच केंद्रावरून, त्याच श्रोत्याच्या भाषेत वाचून दाखविले, तर मागणाऱ्याची मान खाली जाईल काय? जात नसेल, तर त्याने खुशाल मागावे. जात असेल, तर जमलेल्या पैशाची पै न् पै प्रामाणिकपणे खर्ची पडूनही मागणे अप्रामाणिकच ठरेल.

आमच्यासारख्या कारकुनाला पावती, प्रमाणक आणि लेखापरीक्षा यांचे महत्त्व कोणी पटवून द्यावयास नको. परदेशी देणग्यांवर आपल्याकडे १९७६ साली कायदा झाला व २०१० साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. अशा कायद्यांनी रक्कम कोठून आली आणि कोठे गेली हे पाहता येते. परंतु कोणते शब्द वापरून ती मिळविली, याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो. तो हिशेब मागणाऱ्याच्या विवेकाने ठेवावयाचा असतो, आणि काही अंशी देणाऱ्यानेही. आदिस अबाबाचे केंद्र १९७७ साली तेथील क्रांतिकारी सरकारने ताब्यात घेतले. त्यासाठी चौदा वर्षे देणाऱ्यांचे दान फुकट गेले असे आम्ही म्हणणार नाही. इमारत गेली, पण जो शब्द खरेपणाने उच्चारला गेला होता तो कोणाला जप्त करता येण्याजोगा नव्हता. मात्र जो शब्द मागतानाच खोटा होता, तो वाचविण्यासारखा मुळीच नव्हता, मग इमारत कितीही काळ उभी राहो.

तेव्हा पुढच्या खेपेस वर्गणीचे पत्र हाती पडेल, मग ते कोणत्याही धर्माचे वा मंडळाचे असो, रकमेचा आकडा पाहण्यापूर्वी एवढेच पाहावे: ज्याच्यासाठी हे मागितले आहे त्याचा मान या पत्रात राखला आहे काय? राखला असेल, तर ऐपतीप्रमाणे द्यावे आणि नाव कोरण्याचा आग्रह धरू नये. राखला नसेल, तर नकार द्यावा. आणि नकाराचे कारण दोन ओळींत कळवावे, कारण त्या दोन ओळीही त्या कार्याला दिलेली देणगीच होय.