झाड कोणतं, पान कितवं

पौड, ता. मुळशी

चि. बाळ,

सोलानावर तुझं कॉम्प्रेस्ड एनएफटी मिंट होतं, पण त्याचा असेट आयडी मागितला की एरर येते, म्हणून तू कोडात मध्येच थांबा घातलास. तो आधी काढ. एरर उशिरामुळे नसेल तर थांबून काय होणार?

साध्या एनएफटीला स्वतःचं मिंट खातं असतं. कॉम्प्रेस्डला ते नसतंच. बबलगम प्रोग्रॅम मर्कल ट्रीचा, म्हणजे झाडाचा, पत्ता आणि पानाचा क्रमांक यांवरून असेट आयडी काढतो. आपल्या तालुक्यात नुसता गट नंबर सांगून कोणी जमीन दाखवत नाही, आधी गाव विचारतात. तोच नंबर दहा गावांत निघतो. तेव्हा झाड तुझंच आहे ना, ते बघ. डेव्हनेटचं झाड नि मेननेटचा आरपीसी ही सरमिसळ नेहमीची. क्रमांक शून्यापासून सुरू होतो. मालक बदलला की पानाचा हॅश बदलतो, आयडी नाही. हॅशलाच आयडी समजून दिवस घालवणारे मी पाहिलेत.

खरी गोम क्रमांक मिळवण्यात आहे. बबलगमवाल्या मेटाप्लेक्सचं फंक्शन मिंटच्या ट्रान्झॅक्शनमधल्या आतल्या इन्स्ट्रक्शन्समध्ये ठराविक जागीच पान शोधतं. बबलगम व्ही-1 मध्ये साधं मिंट आणि कलेक्शनमधलं मिंट यांत ती जागा वेगळी, म्हणून फंक्शनंही दोन. एकाचं दुसऱ्याला लावलं की डेटा वाचताना भलतीच एरर येते आणि ट्रान्झॅक्शनच्या बिचाऱ्या सिग्नेचरवर संशय जातो. एका ट्रान्झॅक्शनमध्ये दोन मिंट कोंबू नकोस, हातात एकच पान येईल. तरी सिग्नेचर तपासच: मेटाप्लेक्सच्या उमी लायब्ररीला 64 बाइट लागतात, बेस-58 मजकूर नव्हे.

ट्रान्झॅक्शन मागून उत्तर नल येत असेल तर मात्र बहुधा उशीरच. ट्रान्झॅक्शन मागताना कमिटमेंट सांगितली नाहीस तर सोलाना फायनलाइज्ड धरतो. 'प्रोसेस्ड' तिथे चालतच नाही. 'कन्फर्म्ड' माग, आणि पाठवतानाही तेवढी खात्री होऊ दे.

आयडी मिळूनही असेट सापडत नाही, ही वेगळी तक्रार. इंडेक्सर मागे असेल, किंवा तुमच्या आरपीसीवर डीएएस, म्हणजे असेट वाचायचा एपीआय, नसेल. 'मेथड नॉट फाउंड' म्हणजे बहुधा डीएएसच नाही. त्यासाठी आयडीचा कोड उकरू नकोस.

हिंजवडीतल्या तुमच्या टीमला सांग, झाड, क्रमांक आणि सिग्नेचर मिंट होताच डेटाबेसात लिहा. रविवारी येशील तेव्हा पूर्ण लॉग आण. स्क्रीनशॉट नकोत.

तुझा,
मामा