जुन्या तांदळाला नवे तांदूळ



संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी होते. गेल्या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. आपल्या धर्मग्रामातूनही अनेकजण जाऊन आले. डिसेंबरमध्ये आम्हीही दोन धर्मगुरू मित्रांसह गेलो होतो. दर्शनाविषयी आम्ही त्यावेळी प्रवचनात बोललो. एक गोष्ट मात्र तेव्हा सांगितली नाही. ती आज सांगतो.

रेल्वेने मडगावला उतरून आम्ही चार दिवसांसाठी एक गाडी भाड्याने घेतली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, आपणच चालवायची गाडी. मालक तिशीतला तरुण. त्याने गाडी दाखवली, जुने ओरखडे मोबाइलवर टिपून घेतले आणि म्हणाला, "टाकी भरून दिलीय, भरून आणा. आणि फादर, हिच्यात प्रीमियमच घाला हां. मी साधं घालत नाही."

चार दिवस जुने गोवे, पणजी, पुढे काणकोणला एका मित्राचे धर्मग्राम असे फिरणे झाले. गाडी परत करण्याआधी आम्ही पंपावर गेलो. पंपावरच्या मुलाने विचारले, "साधं की प्रीमियम?" मागच्या आसनावरून आवाज आला, "साधंच टाक रे. काटा काय, तेवढाच वर जाणार." चाक आमच्या हातात होते. आम्ही मान हलवली. पंचवीस लिटर साधे पेट्रोल पडले. दोन्हींच्या भावात लिटरमागे सुमारे सात रुपयांचा फरक होता, म्हणजे आमचे पावणेदोनशे रुपये वाचले.

मालकाने किल्ली फिरवून काटा पाहिला. काटा वर होता. पंपाची पावती आमच्या खिशात होती आणि ती दाखवावी लागेल असे आम्हाला वाटत होते. तो म्हणाला, "राहू द्या फादर. तुमची पावती काय बघायची?" त्याने अनामत मोजून परत दिली. पावती खिशातच राहिली.

रात्रीच्या गाडीत झोप आली नाही. पावणेदोनशे रुपयांसाठी झोप जावी एवढे आमचे मन हळवे आहे, असा आमचा दावा नाही. पण त्याचे ते एक वाक्य काही केल्या जाईना. आम्ही स्वतःशी वाद घालू लागलो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, त्याचा उपयोग माणूस पुष्कळदा आपली बाजू मांडण्यासाठीच करतो. त्या रात्री तसेच झाले.

पहिला युक्तिवाद असा: टाकी भरून घेतली, भरून दिली. हिशेब पुरा झाला. मग आम्हाला लहानपणीची गोष्ट आठवली. आमच्या घरी पाहुणे आले आणि तांदूळ कमी पडले की आई शेजारच्या मावशींकडून उसने आणी. मावशींकडे नेहमी जुने तांदूळ असत. जुना तांदूळ मोकळा शिजतो, भाताला वाढ असते, बाजारात त्याला भावही जास्त. नवा तांदूळ चिकट होतो. एकदा आमच्या थोरल्या भावाने घरातल्या नव्या तांदळाचे माप भरून मावशींकडे पोचते केले. आईला कळले तेव्हा तिने त्याला तसाच परत पाठवला. ते तांदूळ आणायला लावले आणि जुने तांदूळ मिळेपर्यंत चार दिवस थांबायची मावशींकडून परवानगी मागायला लावली. भाऊ म्हणत होता, "माप तर भरलं ना!" आई म्हणाली, "माप भरलं, उसनं फिटलं नाही."

आमची आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने जे सांगितले तेच तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात मांडले आहे. ते म्हणतात, काही वस्तू वापरल्या तरी उरतात. घर वापरले, घर राहिले. ती तीच वस्तू परत द्यायची असते. काही वस्तू वापरल्या की संपतात, जसे धान्य आणि द्राक्षारस. तोच दाणा परत देता येत नाही, म्हणून त्याच्या तोडीचा द्यावा लागतो. भाड्याच्या गाडीत या दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या असतात. गाडी ही उरणारी वस्तू, तिच्या वापराचे आपण भाडे देतो. टायरची झीज, इंजिनाची झीज त्या भाड्यातच आली. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायातही भाड्याने घेतलेल्या जनावराचे नुकसान भाड्यातच धरलेले आहे. पण टाकीतले पेट्रोल भाड्यात नाही. ते उसने आहे. ते मावशींचे तांदूळ आहेत.

मग 'तोडीचे' म्हणजे काय? याच ग्रंथात खरेदी-विक्रीविषयी लिहिताना संत थॉमस मालातले तीन प्रकारचे दोष सांगतात. एक, वस्तूच दुसरी असणे. दोन, माप कमी असणे. तीन, गुण कमी असणे, म्हणजे निरोगी म्हणून आजारी जनावर देणे. आमची गोष्ट या तिन्हींना लावून पाहू.

वस्तूच दुसरी, म्हणजे पेट्रोलच्या गाडीत डिझेल किंवा डिझेलच्या गाडीत पेट्रोल. ही चूक भाड्याच्या गाडीत सहज होते, कारण गाडी आपल्या सवयीची नसते. डिझेल इंजिनाच्या पंपाला डिझेलच वंगण पुरवते, पेट्रोल गेले की ते वंगण जाते आणि मोठा खर्च उभा राहतो. अशा वेळी गाडी चालू न करता मालकाला फोन करणे हाच शहाणपणा आणि हाच धर्म. टाकीचे झाकण उघडून आत काय लिहिले आहे ते वाचणे, हे परक्याची वस्तू हाती घेणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

माप कमी, हे काट्यावर दिसते. म्हणून त्याबाबत आपण सगळे प्रामाणिक असतो.

गुण कमी, हे काट्यावर दिसत नाही. आमचा प्रश्न इथला होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. महाग पेट्रोल म्हणजे प्रत्येक गाडीसाठी चांगले पेट्रोल, असे नाही. ऑक्टेनचा आकडा एवढेच सांगतो की इंजिनात दाबले गेल्यावर ते पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटण्याला किती विरोध करते. त्या वेळी आपल्याकडे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे धरले जाई, प्रीमियममध्ये ९५ चे मिळे. साध्या इंजिनाच्या गाडीत ९५ घालून फारसा लाभ नाही. टर्बो इंजिनात दाब जास्त, तिथे वरचा आकडा मानवतो. कमी आकड्याचे घातले तर आजची इंजिने ते ओळखतात आणि ठिणगीची वेळ मागे घेऊन स्वतःला सांभाळतात. सहसा काही मोडत नाही. गाडीची ओढ थोडी कमी होते, एवढेच.

म्हणून मालकाने काहीच सांगितले नसते आणि गाडीच्या पुस्तिकेत साधे पेट्रोल चालते असे असते, तर आम्ही साधे भरून निर्धास्त झोपलो असतो. त्यात पाप नव्हते. सर्वांत महाग ते घालून आपण किती सज्जन असे मिरवण्याचीही गरज नव्हती. पण येथे मालकाने सांगितले होते. टाकीत आधी काय होते ते आम्हाला माहीत होते. आणि आम्ही होकार दिला होता.

दुसरा युक्तिवाद आमच्या मित्राने केला. "अरे, हे लोक पर्यटकांना काय कमी लुबाडतात? ओरखड्याचे पैसे कापतात, सणासुदीला भाडे वाढवतात." असेल. पण या तरुणाने आमचे काय कापले? काही नाही. दुसऱ्या कोणीतरी कधीतरी आपल्याला फसवले, त्याचे उट्टे आपण समोरच्या भल्या माणसावर काढतो आणि त्याला न्याय म्हणतो. आणि समजा, यानेच जास्त घेतले असते, तरी ते त्याला तोंडावर विचारायचे असते. गुपचूप वसूल करायचे नसते. पगार कमी म्हणून कार्यालयातले कागद घरी आणणाऱ्याचाही हाच हिशेब असतो.

तिसरा युक्तिवाद सर्वांत बळकट होता: यात कोणाचे नुकसान झाले? मालकाला कळणारही नाही.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका मेंढपाळाची गोष्ट आहे. त्याला एक अंगठी सापडते, ती फिरवली की तो अदृश्य होतो. मग तो काय काय करतो ते सांगून तिथे प्रश्न टाकला आहे: अशी अंगठी मिळाल्यावरही न्यायाने वागेल असा माणूस असेल का? सेमिनरीत या प्रश्नावर आम्ही मोठा निबंध लिहिला होता. त्यावेळी वाटले होते, अशी अंगठी कुठे असते? आता वाटते, ती सगळीकडे असते. टाकीचे झाकण ही तशीच एक अंगठी. झाकण लावले की आत काय आहे ते कोणाला दिसत नाही. आणि आमचा पांढरा झगा ही त्याहून मोठी अंगठी निघाली. आम्ही धर्मगुरू म्हणून त्या तरुणाने पावती पाहिली नाही. दुसरा कोणी असता तर कदाचित पाहिली असती.

घरी आल्यावर दोन दिवस आम्ही टाळले. शनिवारी पापनिवेदनाला बसलो होतो. एकाने उसनवारीची गोष्ट सांगितली आणि आम्ही त्याला, घेतलेले परत केल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही, असे समजावले. जक्कयाचे उदाहरणही दिले. तो उठून गेल्यावर आमची आम्हालाच लाज वाटली. संध्याकाळी आम्ही फोन केला आणि जे घडले ते सांगितले.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "फादर, पैशाचं सोडा. पण बरं झालं सांगितलंत. तुमच्यानंतर पुण्याचं एक जोडपं गाडी घेऊन गेलं होतं. गाडी ओढत नाही म्हणून त्यांनीच फोन केला. मला वाटलं, त्यांनीच काहीतरी भलतं भरलं. मी जरा तोडून बोललो त्यांना."

'कोणाचे नुकसान झाले' याचे उत्तर आम्हाला असे मिळाले. आमच्या पावणेदोनशे रुपयांचा ठपका ज्यांना आम्ही कधी पाहिले नाही अशा दोन माणसांवर बसला होता. आपली न दिसणारी चूक नाहीशी होत नाही, ती पुढच्याच्या नावावर चढते. आम्ही त्याला विनंती केली की त्या जोडप्याला फोन करून खरे काय ते सांगावे. त्याने सांगितले की नाही ते आम्हाला ठाऊक नाही. पैसे नकोत म्हणाला, तरी आम्ही मोबाइलवरून पाठवले. पैसे फिटले. त्या दोघांना ऐकावे लागलेले शब्द मात्र आम्हाला परत घेता आले नाहीत.

आता कोणी म्हणेल, फादर, इतके बारीक पाहायचे तर जगायचे कसे? प्रश्न योग्य आहे. प्रत्येक थेंबाचा हिशेब करत बसणे हाही मनाचा एक आजारच आहे, त्यातून कोणाचे भले होत नाही. पण त्यावर उपाय सोपा आहे: विचारावे. "साधं भरलं तर चालेल का?" एवढा एक फोन आम्ही पंपावरून केला असता, तर तो हो किंवा नाही म्हणाला असता, आणि दोन्ही उत्तरांत आम्ही मोकळे होतो. आम्ही विचारले नाही, कारण उत्तर काय येईल ते आम्हाला माहीत होते. विचारायचे टाळावेसे वाटले की समजावे, आपला विवेक आधीच बोलून गेला आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी सर्वच काही गाडी भाड्याने घेत नाहीत. पण लग्नासाठी शेजाऱ्याची भांडी आणतो. चर्चचा हॉल घेतो, खुर्च्या नेतो. भावाची स्कूटर नेऊन टाकी रिकामी करून आणतो. कोणाची शिडी नेतो आणि सैल झालेली पायरी न सांगता भिंतीला टेकवून येतो. सातवी आज्ञा म्हटली की आपल्याला चोर आठवतो आणि आपण सुटलो असे वाटते. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत मात्र उसने घेतलेले जाणूनबुजून ठेवून घेणे याच आज्ञेखाली येते. या आठवड्यात आपापल्या घरात एकदा नजर फिरवू या. परत द्यायचे काही राहिले आहे का? आणि जे परत दिले, ते जसे आणले होते तसेच दिले का?

आमची ती पावती आम्ही प्रार्थनापुस्तकात ठेवली आहे. अक्षरे बरीच पुसट झाली आहेत, पण 'साधे' एवढे अजून वाचता येते.

प्रभू आपणा सर्वांना सरळ मन देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू