परक्या बाळाचे डोळे

"गुरुजी, रुबेला म्हणजे दोन दिवसांचा ताप नि पुरळ. त्यापायी माझ्या पोराला सुई कशाला?" 2018 च्या नोव्हेंबरात शाळेत लस आली, तेव्हा एका बापाने विचारले. प्रश्न वेडा नव्हता. (गोवराचा धाक घालून मी सुटलो असतो, लस दोहोंवर एकच.) पण 1941 साली सिडनीचे नेत्रवैद्य ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या 78 बाळांची माहिती जमवली, त्यांतल्या 68 जणांच्या आयांना गरोदरपणी हाच आजार होऊन गेला होता. म्हणजे दंड याचा टोचायचा, डोळे परक्या बाळाचे वाचवायचे! पोराला न विचारता हे ठरवण्याचा मला काय अधिकार?

शेजारच्या वर्गावरच्या बाईंना तेव्हा तिसरा महिना होता. हाच पोरगा रोज त्यांच्या टेबलावर वह्या नेऊन ठेवी. मी बापाला एवढेच सांगितले, तेही बाईंना न विचारता. तो काही बोलला नाही. पोराची बाही मात्र त्यानेच वर सरकवली.