अर्धा शिकलेला हात

मार्च संपत आला की विदर्भात घरोघरी कूलर माळ्यावरून खाली उतरतो. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कुठेही जा, रविवारची सकाळ सारखीच. ताट्यांमधलं काळं पडलेलं गवत काढायचं, टाकीचा गंज खरवडायचा, पंपात अडकलेला गाळ धुवायचा, नळीची बुजलेली भोकं काडीने मोकळी करायची. अर्ध्या दिवसाचं काम. ते करणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना ते येतं. दुसरी, ज्यांना येतं असं वाटतं. दुसऱ्या प्रकारातला गृहस्थ तीन पिनांचा प्लग जुन्या बोर्डात बसत नाही म्हणून वरची जाड पिन मोडून टाकतो आणि कूलर सुरू झाला की खूश होतो. मग मे महिन्यात बातमी येते. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून बाई गेली, नाहीतर उघड्या पायाने शेजारून धावणारं मूल गेलं. विदर्भातल्या वर्तमानपत्रांचा एकही उन्हाळा अशा बातम्यांवाचून जात नाही.

ती जाड पिन अर्थिंगची. पंपाचं वेष्टन कुठे फाटलं तर वीज पाण्यात उतरते आणि पाण्यातून लोखंडी पत्र्यात. अर्थिंग असेल तर ती तारेवाटे जमिनीत जाते, फ्यूज उडतो, घरचे चिडतात आणि जिवंत राहतात. अर्थिंग नसेल तर ती वाट पाहते, कोणी हात लावण्याची. दहावीच्या विज्ञानात फ्यूज आहे, शॉर्टसर्किट आहे, जिवंत तार आणि भूसंपर्क तार आहे. मुलं त्यावर आकृतीसह पूर्ण गुण मिळवतात. तीच मुलं घरी बापाला पिन मोडताना पाहतात आणि त्यांना आकृती आठवत नाही, कारण आकृतीत कूलर नव्हता.

साध्या हातकामाची चर्चा आपल्याकडे छंदाच्या पानावर होते, नाहीतर रोजगाराच्या. सुट्टीत कागदाची फुलं करायला शिका, किंवा शिलाई शिकून स्वतःच्या पायावर उभे राहा. या दोन्हींच्या मधली जागा रिकामीच राहते. नळाचा वॉशर बदलणं, कुकरची शिट्टी का अडकली ते पाहणं, उसवलेली शिवण घालणं, चार माणसांचा भात-वरण रांधणं, सायकलचं पंक्चर काढणं. यातून कोणाचं पोट भरत नाही आणि कोणी कलावंतही होत नाही. पण ज्याला यातलं काही येत नाही, तो रोजच्या जगण्यात सतत कोणाच्या तरी भरवशावर असतो.

यावर ठरलेलं उत्तर आहे. पैसे टाकले की माणूस येतो, मग शिकायचं कशाला? माणूस येतो, हे खरं. तो काय करून गेला, हे पाहायला मात्र आपल्याकडे डोळा नसतो.

भंडाऱ्याचंच उदाहरण घेऊ. हे गाव पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाई. गुंड, गंज, कोपर, घागर, गडवा, लग्नातलं आंदण या भांड्यांशिवाय पुरं होत नसे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की आंबटपणा धातूला लागतो, पदार्थ कळकतो, खाणाऱ्याच्या पोटात ढवळतं. म्हणून आतून कल्हई. भांडं राखेने, वाळूने घासून लख्ख करायचं, भट्टीवर धरायचं, भात्याने कोळसा फुलवायचा. भांडं नेमकं तापलं की नवसागराची पूड फिरवायची. पांढरा धूर उठतो, नाक चुरचुरतं. नवसागर धातूवरचा मळ खातो, त्यामुळे कथील धरतं. मग कथलाची कांडी टेकवायची. २३२ अंशांना वितळणारा हा मवाळ धातू क्षणात पाण्यासारखा पळतो आणि कापसाच्या बोळ्याने तो चपळाईने सगळीकडे पुसून घ्यायचा. भांडं कमी तापलं तर कथील गोळ्या धरतं, जास्त तापलं तर करपून काळं पडतं. शेवटी गार पाण्यात चर्र.

हे सगळं पाहायला पाच-सात मिनिटं लागतात. करायला शिकायला वर्षं लागतात. पण मध्ये एक पायरी आहे, जिच्याविषयी आपण बोलत नाही. एखादी वाटी स्वतः कल्हईला घेऊन बघा. बोळा फिरवताना हात उशिरा पोचतो, एका बाजूला जाड थर, दुसरीकडे पितळ उघडं. वाटी बिघडते, आणि पुढच्या वेळी दारात आलेल्या कल्हईवाल्याशी आपण वीस रुपयांसाठी हुज्जत घालत नाही. शिवाय कथील कमी वापरून त्याने नुसती चमक आणली असेल तर तेही आता कळतं. मला या लेखात जे म्हणायचं आहे ते एवढंच. कामाला अर्धा हात बसलेलं गिऱ्हाईक हा पूर्ण हात बसलेल्या कारागिराचा सर्वांत मोठा आधार असतो. काहीच न येणारं गिऱ्हाईक फक्त भाव विचारतं.

घरीच करायला शिकलात तर कारागिराच्या पोटावर पाय येईल, अशी भीती घालणारे भेटतात. भंडाऱ्याचा पितळ-धंदा घरी कल्हई करणाऱ्यांनी बसवला नाही. स्टील आलं, ॲल्युमिनियम आलं, प्लास्टिक आलं. त्यात वाईट काही नव्हतं, हेही कबूल करावं. चिंच-राख लावून गुंड घासताना ज्या बायांचे खांदे दुखले, त्यांना स्टीलचा डबा म्हणजे सुटका वाटली असणार. पितळेचं कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते घासलं आहे, ते आधी विचारावं. पण जे उरलं, त्यात ठोक्याचं भांडं आणि साच्यातून काढलेलं भांडं यांतला फरक ओळखणारं गिऱ्हाईक राहिलं नाही, हे नुकसान निराळं.

इथे आणखी एक गोड गैरसमज बाजूला करायला हवा. पूर्वी सगळ्यांना सगळं यायचं, असं वडीलधारे सांगतात. नाही यायचं. झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, कासाराला पितळ यायचं, बुरडाला बांबू, ढिवराला जाळं आणि पाणी, कोष्ट्याला माग. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचं कोशाचं कापड नावाजलेलं. ऐन-अर्जुनाच्या झाडावर कोसा पोसणारा वेगळा आणि त्याचं लुगडं विणणारा वेगळा. प्रत्येकाचं कौशल्य जन्मासोबत वाटून दिलेलं, आणि ते ओलांडलं की लोक हसत. ज्यांच्या वाट्याला लेखणी आली त्यांना हाताला मळ लागणं कमीपणाचं वाटे. आजही इंजिनिअर झालेला मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला की आई म्हणते, "अरे, तू कायले करतेस? बोलाव ना कोणाले." या वाक्यात माया आहे आणि जातही आहे.

तरीही त्याच व्यवस्थेत एक गोष्ट शिकण्यासारखी होती. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव पाहा. पाळ कुठे घालायची, पाणी कुठून कुठे वळवायचं, याची जाण कोहळी समाजातल्या जाणत्यांना होती. पण गाळ उपसायला, पाळीवर माती टाकायला, धानाच्या बांध्यांचे फुटलेले धुरे बुजवायला सगळं गाव उतरे. पूर्ण जाणणारे थोडे, अर्धं जाणणारे पुष्कळ, आणि पुष्कळांमुळे थोड्यांचं काम टिकून राहिलं. अर्थात गावाचं ते उतरणं नेहमीच राजीखुशीचं नव्हतं. सारा वसूल करणाऱ्या, गावाचा मालक असलेल्या मालगुजाराचा शब्द मोडणार कोण? १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली ते बरंच झालं. तलाव सरकारकडे गेले आणि हळूहळू गावाचा हातही त्यांवरून निघाला. पाळ फुटली तर आता अर्ज करायचा.

जात न पाहता प्रत्येक मुलाला हातकाम शिकवण्याचा मोठा प्रयत्न भंडाऱ्यापासून फार लांब झाला नव्हता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला, आणि नई तालीम उभी राहिली. हस्तोद्योगातूनच गणित, विज्ञान, भूगोल शिकायचा, ही तिची मांडणी. कल्पना आजही जुनी झालेली नाही. अडचण दुसरीकडे होती. मुलांनी विणलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, हा आग्रह तिला जड गेला. शिकणारा हात वस्तू बिघडवतो, तो त्याचा हक्कच आहे. ज्या दिवशी बिघडलेल्या वस्तूचा हिशेब मागितला जातो, त्या दिवशी शाळेचा कारखाना होतो. शिवाय ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हातकामच केलं होतं, त्यांना मुलाच्या हाती पुन्हा टकळी कशाला हवी होती? त्यांना पुस्तक हवं होतं. ते बरोबरच होतं.

हातकामाच्या नावाने मुलाला पुन्हा बापाच्याच धंद्याला जुंपतील, ही त्यांची शंका किती खरी होती ते १९५३ मध्ये मद्रास राज्यात दिसलं. तिथले मुख्यमंत्री राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, यांनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. कुलधंद्याचं शिक्षण म्हणून ती बदनाम झाली, रान पेटलं, आणि १९५४ मध्ये राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. कासाराच्या मुलाला पितळ आणि वकिलाच्या मुलाला पुस्तक, असं शिकवायचं असेल तर हातकाम शाळेत न आलेलं बरं. वकिलाच्या मुलाने भट्टीजवळ बसावं आणि कासाराच्या मुलीने मल्टीमीटर धरावा, तरच त्याला अर्थ.

आपल्या शाळांत पुढे कार्यानुभव आला. त्याचं काय झालं ते ज्यांच्या घरी शाळकरी मूल आहे त्यांना ठाऊक आहे. रात्री नऊ वाजता मूल सांगतं की उद्या तोरण न्यायचं आहे. आई जागते किंवा बाप दुकानातून आणतो. गुण आईला मिळतात, बहुतेक वेळा दुकानदाराला.

आईवरून आठवलं. जातीची वाटणी निदान बोलून तरी दाखवली जाते, घरातली तर तेवढीही नाही. उन्हाळ्यात अंगणात सरगुंड्यांचा घाट घातलेला पाहिला असेल. गव्हाची घट्ट कणीक, तिची बारीक लांब वळी करायची, ती काडीवर पीळ देत गुंडाळायची, आणि तुटू न देता अलगद सरकवून काढायची. काडी कोरडी तर कणीक चिकटते, तेल जास्त तर पीळ सुटतो. उन्हात कडक वाळवलेले हे सरगुंडे शिजवून आमरसाबरोबर खाताना घरातले पुरुष तज्ज्ञासारखे मत देतात. काडी त्यांच्या हाती कधी येत नाही. पुण्याला नोकरीला गेलेल्या पोराचे पहिले सहा महिने मेसच्या डब्याला शिव्या देण्यात जातात, त्याचं मूळ या अंगणात आहे.

आणि याच भंडारा जिल्ह्यात हजारो बाया विड्या वळतात. तेंदूपान भिजवायचं, मापाने कापायचं, चिमूटभर जर्दा सारखा पसरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. डोळे दुसरीकडे, बोटं आपली चालूच. या बोटांना मजुरी हजारावर मिळते, आणि त्यांना कोणी कुशल म्हणत नाही. २०२३ मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत लोहार, सोनार, कुंभार, जाळं विणणारा आहे. विडी वळणारी नाही, आणि पितळेच्या या जिल्ह्याला खटकावं असं म्हणजे, कासाराचाही वेगळा उल्लेख नाही. कौशल्य कशाला म्हणायचं हे ज्यांच्या हाताला कसलीच सवय नाही ते ठरवू लागले की असं होतं.

मोबाईलने आता बरंच सोपं केलं आहे. कूलर कसा खोलावा, वॉशर कसा बदलावा, सगळं चार मिनिटांत दिसतं, तेही मराठीत. मी त्याला नावं ठेवणार नाही. शेजारी सांगायला तयार नसतो तेव्हा तोच उपयोगी पडतो. पण पडद्यावर नवसागराचा धूर नाकात जात नाही, आणि तुम्ही चुकीची तार धरलीत तर पडद्यावरचा माणूस हात मागे खेचत नाही. जवळ उभा असलेला माणूस लागतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हेच केलं. मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, पदार्थ करणं शिकली आणि गावाची खरी कामं करून शिकली. तिथून ही पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत गेली. म्हणजे हे होऊ शकतं की नाही, हा वाद संपलेला आहे.

नियमही आता आड येत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सांगितले आहेत, गावातल्या कारागिरांजवळ बसून शिकण्याचे. बहुतेक ठिकाणी ते सहलीत, रांगोळीत आणि फोटोत संपतील अशी मला भीती आहे. भंडारा जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती साधी आहे. दहांतला एक दिवस वायरमनला द्या आणि प्रत्येक मुलाला, मुलीला एक तीन पिनांचा प्लग उघडून पुन्हा जोडायला लावा. एक दिवस कल्हईवाल्याला, एक बुरडाला, एक स्वयंपाकाला, आणि त्या दिवशी चूल मुलांनी पेटवायची. वस्तू बिघडतील, त्यासाठी थोडा पैसा आधीच बाजूला ठेवा. जो शिकवायला येईल त्याला शाल-श्रीफळ देऊन फोटो काढू नका. त्याची दिवसाची मजुरी बुडते, ती पूर्ण द्या, आणि शिक्षकाला देता तशी खुर्ची द्या.