तीन लाखांच्या अलीकडे आणि पलीकडे

पार्सेतल्या एखाद्या घराचे वर्षाचे उत्पन्न किती, हे त्या घरातल्या माणसांनाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. समजा, घरात नवरा-बायको, दोन मुले आणि सासू आहे. नवऱ्याची टॅक्सी आहे. ऑक्टोबर ते मार्च ती मांद्रे-मोरजीच्या पर्यटकांवर आणि मोपाच्या विमानतळावर चालते. जून-जुलैत बरेच दिवस अंगणात उभी असते. मार्चपासून मेपर्यंत डोंगरावरचे काजू असतात. बिया व्यापाऱ्याकडे जातात, बोंडू भट्टीवाल्याकडे. चतुर्थीच्या आधीचे चार दिवस बायको माटोळीचे सामान आणि परसातली दोडकी, भेंडी घेऊन पेडण्याच्या बाजारात बसते. सासूला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला 2000 रुपये मिळतात. शेतातले भात घरातच खाल्ले जाते.

आता यातले काय मोजायचे? टॅक्सीचे भाडे म्हणजे हातात आलेले सगळे, की डिझेल, विमा आणि बँकेचा हप्ता वजा करून उरलेले? घरी शिजलेल्या भाताची किंमत धरायची का? यंदा अवकाळी पावसाने काजूचा मोहोर करपला, तर गेल्या वर्षीचा आकडा यंदा खरा मानायचा का? अर्जावर मात्र वार्षिक उत्पन्नाचा एकच रकाना असतो आणि त्यात एकच आकडा मावतो. तलाठ्याचा अहवाल, अर्जदाराचे स्वतःचे निवेदन आणि मामलेदाराची सही अशी वाट चालून तो आकडा दाखल्यावर उमटतो. तो बहुधा गोल असतो आणि मर्यादेच्या आत असतो. यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही. जे मोजता येत नाही ते मोजायला सांगितले, की माणसे अंदाज करतात, आणि अंदाज करताना गरजेकडे झुकतात.

या आकड्यावर गोव्यात बरेच काही ठरते. 2012 साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गृह आधार योजना आणली. पती-पत्नीचे मिळून वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल, तर घर सांभाळणाऱ्या विवाहित स्त्रीच्या खात्यात महिन्याला 1000 रुपये जमा होऊ लागले. पुढे त्याचे 1200 झाले, मग 1500. त्याच साली लाडली लक्ष्मी आली. तीत मुलगी सज्ञान झाल्यावर 1 लाख रुपयांची तरतूद आहे. सुरुवातीला ती लग्नाशी बांधलेली होती. मुलीच्या जन्मानंतर आईला मिळणारी ममता योजनेची रक्कम वेगळी. केंद्राची मातृवंदना आहेच.

या योजनांची यादी नीट पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. मूल जन्मते तेव्हा पैसे आहेत, मुलगी अठराची होते तेव्हा पैसे आहेत. मधल्या वर्षांत, म्हणजे दूध, औषध, वह्या, शिकवणी, पावसाळी बूट यांचा खर्च घराला खरोखर ओढतो त्या काळात, मुलाच्या नावाने रोख असे काही नाही. त्या काळात येतो तो गृह आधार, आणि त्याला मुले किती आहेत याच्याशी देणेघेणे नाही. मूल नसलेल्या घरी 1500, तीन मुले असलेल्या घरीही 1500. तरीही पेडणे-डिचोलीच्या घराघरांत हे पैसे मुलांवरच खर्च होताना दिसतात. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत आणि चतुर्थीच्या तोंडावर ‘गृह आधाराचे जमा जाले गो?’ हा प्रश्न शेजारणी एकमेकींना उगाच विचारत नाहीत. कागदावर गृहिणीचा मान असलेली ही योजना व्यवहारात बालसंगोपन भत्ता होऊन बसली आहे. मग तिच्याकडे त्याच नजरेने पाहायला हवे.

तसे पाहिले की पहिला दोष दिसतो तो 3 लाखांच्या मर्यादेचा. एखादा सुरक्षारक्षक महिन्याला 24,900 रुपये मिळवतो आणि बायको घरी असते असे धरा. वर्षाचे झाले 2,98,800. गृह आधाराचे 18,000 मिळून घरात 3,16,800 रुपये येतात. कंपनीने त्याला दोनशे रुपयांची पगारवाढ दिली. आता वर्षाचे 3,01,200 झाले आणि गृह आधार बंद. पगार वर्षाला 2400 रुपयांनी वाढला आणि घर 15,600 रुपयांनी गरीब झाले. पूर्वीच्या जागी परत यायला त्याला महिन्याला आणखी 1300 रुपये वाढवून मिळायला हवेत. ही मर्यादा कड्यासारखी आहे: एक पाऊल पुढे टाकले की खाली. अशा ठिकाणी शहाणा माणूस पाऊल टाकत नाही. किंवा टाकतो आणि कुणाला सांगत नाही. वाढीव कामाचे पैसे रोखीने घेणे, बायकोने शिवणकाम करावे पण नावावर काही दाखवू नये, या तडजोडींना आपण फसवणूक म्हणतो. त्यातली निम्मी तरी या नियमानेच शिकवलेली आहे.

शिवाय ही मर्यादा आहे तिथेच राहिली. योगायोगाने आपल्या ग्राहक किंमत निर्देशांकाचे पायाभूत वर्षही 2012 होते, त्यामुळे हिशेब सोपा आहे. तेव्हा 100 असलेला निर्देशांक 2024 च्या अखेरीस 190 च्या वर गेला. 2012 मध्ये 3 लाखांत जे घर चालत होते, ते चालवायला आता पावणेसहा लाखांच्या आसपास लागतात. मर्यादेला हात न लावणे म्हणजे कोणताही ठराव न करता, कोणाचेही नाव न घेता, दर वर्षी काही कुटुंबांना योजनेबाहेर काढणे. लाडली लक्ष्मीच्या लाखाचेही तेच झाले. 2012 च्या भावाने त्याचे मोल आज पन्नास-बावन्न हजारांवर आले आहे. मंत्र्यांच्या भाषणात लाख हा लाखच राहतो.

डिचोलीकरांना या विषयाची आणखी एक बाजू अनुभवाने ठाऊक आहे. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खनिज उत्खनन थांबवले आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. शिरगाव, मये, पिळगाव भागातल्या ज्या घरांसमोर दोन-दोन ट्रक उभे असत, त्या घरांचे गेल्या वर्षीचे उत्पन्न कागदावर भरभक्कम होते आणि या महिन्याचे शून्य. ट्रकचे हप्ते मात्र चालूच. खाणी काही काळाने पुन्हा सुरू झाल्या आणि 16 मार्च 2018 पासून पुन्हा बंद पडल्या. मागच्या वर्षाच्या आकड्यावर यंदाची मदत ठरवणारी कोणतीही पद्धत अशा ठिकाणी तोंडघशी पडते. गेल्या वर्षी घर सुस्थितीत होते म्हणून यंदा मुलाला दूध नको, असा तिचा अर्थ होतो.

कॅनडात हा प्रश्न कसा हाताळला आहे ते पाहण्यासारखे आहे, कारण तिथली पद्धतही मागच्या वर्षावरच उभी आहे. 2016 च्या जुलैपासून तिथे नवा बालभत्ता सुरू झाला. जुलै ते जून हे भत्त्याचे वर्ष. आधीच्या वर्षी आई-वडिलांनी भरलेल्या विवरणपत्रांतले उत्पन्न एकत्र धरतात. एकाची कमाई शून्य असली तरी त्याला विवरणपत्र भरावे लागते. सहा वर्षांखालच्या मुलाला जास्त, सहा ते सतरा वर्षांच्या मुलाला थोडे कमी. एका मर्यादेपर्यंत पूर्ण रक्कम, त्यापुढे उत्पन्न वाढेल तशी ती हळूहळू उतरते. 2018 पासून रक्कम आणि मर्यादा दोन्ही महागाईप्रमाणे वाढतात. नवरा-बायको वेगळे झाले, तर ती गोष्ट लगेच कळवता येते आणि भत्ता पुन्हा मोजला जातो. मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट तशी साधी आहे: कोणत्याही आईला आपले उत्पन्न आणि मुलांची वये सरकारी संकेतस्थळावर घालून आपल्याला किती मिळणार याचा अंदाज आधीच काढता येतो. तिथे कोणाच्या शिफारशीचा, ओळखीचा प्रश्न येत नाही. आकडा पटला नाही, तर कुठे चुकले हे ती विचारू शकते. आपल्याकडे मंजूर किंवा नामंजूर एवढेच कळते, त्यामुळे विचारायला जावे लागते ते आमदाराच्या कार्यालयात.

तरी ती पद्धत उचलून पेडण्यात आणा, असे मी म्हणणार नाही. कॅनडातला उतार जवळपास सगळे लोक विवरणपत्र भरतात या पायावर उभा आहे. पार्सेतल्या टॅक्सीवाल्याच्या आणि बाजारात बसणाऱ्या बाईच्या घरी तो पाया नाही. शिवाय गोव्यात एक खास गुंता आहे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे इथल्या पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. म्हणून 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात कलम 5अ घातले गेले: पगार सोडून बाकीचे उत्पन्न पती-पत्नीत निम्मे निम्मे वाटून दोघांवर स्वतंत्र कर आकारायचा. म्हणजे दुकानाचा 5 लाखांचा नफा करासाठी अडीच-अडीच लाखांचा होतो, आणि गृह आधारच्या अर्जावर तोच पुन्हा जोडून 5 लाखांचा. एकाच जोडप्याला कर घेताना दोन माणसे आणि मदत देताना एक घर मानायचे, हे कायद्याच्या दृष्टीने चालून जाईल. पण कागदावर अडीच लाखांची धनीण असलेल्या त्या बाईच्या हातात त्यातले काय पडते? अनेक घरांत गृह आधाराचे 1500 हीच तिच्या सहीने निघणारी एकमेव रक्कम असते, आणि नेमकी तीच नवऱ्याच्या नफ्यामुळे बंद होते.

घर मोजायचे की माणूस, यात इंग्लंडही एकदा फसले. तिथला बालभत्ता पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना सारखा होता. 2013 च्या जानेवारीपासून आई-वडिलांपैकी एकाचे उत्पन्न 50 हजार पौंडांवर गेले की तो करातून परत घ्यायला सुरुवात झाली आणि 60 हजारांवर तो पूर्ण गेला. परिणाम असा, की प्रत्येकी 49 हजार मिळवणाऱ्या जोडप्याचा भत्ता शाबूत आणि एकाच्याच 60 हजारांवर चालणाऱ्या घराचा खलास. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेल्या गोवेकरांच्या मुलाबाळांच्या घरांनाही हाच नियम. 2024 मध्ये या मर्यादा 60 आणि 80 हजारांवर नेल्या, पण मोजणी अजून एकेकट्या माणसाचीच आहे.

सीमेपलीकडे, बांदा-सावंतवाडीत, ज्या घरांशी पेडण्याचा रोटीबेटी व्यवहार आहे, तिथे 2024 च्या जुलैपासून लाडक्या बहिणीचे 1500 सुरू झाले. मर्यादा अडीच लाखांची. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असले की उत्पन्नाचा दाखला नको. निवडणूक तोंडावर होती, अर्ज भराभर घेतले गेले. छाननी आली ती नंतर, 2025 मध्ये, ई-केवायसीसह. आधी द्यायचे आणि मग शोधायचे, यात अपमान होतो तो घेणाऱ्याचा. देताना डोळे मिटणारी यंत्रणा वर्षभराने त्याच बाईकडे संशयाने पाहू लागते.

मग करायचे काय? उत्तर गावातच आहे. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाडीत मूल पाठवताना कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. बचत गटाच्या बायकांनी शाळेत पोचवलेली भाजी-पाव सावकाराचे पोर खाते आणि कुळाचेही. बालरथात चढताना कोणी बापाचा पगार विचारत नाही. या सोयींत त्रुटी पुष्कळ आहेत, पण कोणी खोटा कागद करून मूल अंगणवाडीत घातल्याची तक्रार कधी ऐकली नाही. तिथे खोटे बोलायचे कारणच नाही. लहान मुलांसाठीची रोख रक्कमही याच वाटेने गेली पाहिजे. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे आईच्या खात्यात ठरावीक रक्कम जावी; पुरावा म्हणून जन्मदाखला आणि रहिवास पुरे.

खर्चाचा आक्षेप खोटा नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्यात सहा वर्षांपर्यंतची मुले सुमारे 1 लाख 45 हजार होती. प्रत्येकी महिना 1500 धरले, तर वर्षाला 261 कोटी लागतील. छोट्या राज्याला ही रक्कम लहान नाही, पण आवाक्याबाहेरचीही नाही, विशेषतः ती आजच्या अनेक योजनांच्या जोडीला नव्हे तर काहींच्या जागी आली तर. सधनांना कशाला, हा दुसरा आक्षेप. त्यांना वगळायचे तर ज्याची नोंद सरकारपाशी आधीच आहे त्यावरून वगळावे: सरकारी पगार, प्राप्तिकर. पीएम किसानमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्यांना असेच बाजूला ठेवले आहे. थोड्यांना वगळणे तलाठ्याला जमेल. सगळ्यांना तोलणे त्याला आजवर जमलेले नाही. कलम 5अ मुळे काही सधन दुकानदार या चाळणीतून निसटतील. निसटू द्यावेत. त्यांना पकडण्यासाठी हजारो बायांना पेडण्याच्या मामलेदार कार्यालयात हेलपाटे घालायला लावणे परवडणारे नाही.

आणि गृह आधार आहे तसाच ठेवायचा असेल, तर निदान तो कडा तरी मोडावा. 3 लाखांपर्यंत पूर्ण 18,000. त्यापुढच्या प्रत्येक हजार रुपयांमागे शंभर रुपये कमी. 4 लाख 80 हजारांवर ही रक्कम आपोआप संपते. मघाच्या सुरक्षारक्षकाच्या घरचे 18,000 न जाता 120 रुपये जातील आणि पगारवाढ घ्यावी की नाही, याचा त्याला विचार करावा लागणार नाही. मर्यादा दर वर्षी निर्देशांकाप्रमाणे सरकवावी. या हिशेबाचा तक्ता मराठी-कोंकणीत छापून प्रत्येक पंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि उत्पन्नात काय धरायचे, काय नाही, हेही त्यावर स्पष्ट लिहावे. महिला आणि बालविकास खात्याला यासाठी नवा कायदा लागत नाही, योजनेच्या अधिसूचनेत दुरुस्ती पुरते. पुढच्या अर्थसंकल्पाआधी पेडणे, मांद्रे, डिचोली आणि मयेच्या आमदारांनी एवढे तरी मागावे.