वारूळ आणि मोरी

नागपंचमीला आमच्याकडे बायका वारूळ पुजायला जातात. हळद-कुंकू, लाह्या, दूध. पूजा नागाची, पण ते घर उभं केलेलं असतं वाळवीनं. घरी परतल्यावर मोरीतून झुरळ निघालं, की हात चपलेकडे जातो. या दोन किड्यांचं एकमेकांशी काही नातं असेल, असं मलाही कित्येक वर्षं वाटलं नव्हतं. वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणायची सवयच तशी. मुंगी खरं तर गांधीलमाशीची नातलग. वाळवी झुरळाच्या कुळातली. २००७ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संशोधकांनी जनुकं तपासून तेच मांडलं, आणि वाळवीचा वेगळा गण आता उरलेला नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास माळावर जी उंच, कंगोरेदार वारुळं दिसतात, तसली ओडोन्टोटर्मिस ओबेसस ही वाळवी बांधते. मोरीतलं चार सेंटिमीटरचं तांबूस झुरळ म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. नाव अमेरिकेचं, मूळ आफ्रिकेचं, प्रवास जहाजांतून. त्याची मादी पंधराएक अंड्यांची कुपी आडोशाला चिकटवते नि निघून जाते. पिल्लं आपापली जगतात.

वाळवीचं तसं नाही. दाराच्या चौकटीवर चढलेली मातीची नळी नखानं फोडून पाहा. आतल्या पांढुरक्या, आंधळ्या कामकरी सैरभैर होतात. मग मोठ्या डोक्याचे शिपाई भगदाडाशी येतात आणि कामकरी ओल्या मातीनं ते बुजवायला लागतात. त्यातली एखादी एकटी बाजूला काढली, तर ती फार दिवस जगत नाही.

एकाच कुळात एवढा फरक कसा पडला? क्रिप्टोसर्कस नावाचं एक रानझुरळ कुजक्या ओंडक्यात पिल्लांसह राहतं. लाकूड पचवणारे सूक्ष्मजीव पिल्लांना जन्मतः नसतात. आईबापांच्या गुदद्वारातून पाझरणाऱ्या द्रवातून ते घ्यावे लागतात. वाळवीचे पूर्वजही असेच असावेत. वाचताना किळस आली तरी मला यात समाजाचा उगम दिसतो. थोरांकडून घेतल्याशिवाय घास पचत नव्हता, म्हणून पोरं घरात राहिली. गरजेपोटी जडली म्हणून ही सोबत हलकी ठरत नाही. माणसांची कितीशी नाती याहून वेगळी असतात? पुढे ओबेससनं वारुळात बुरशीची शेती केली, पचनाचं बरंचसं काम तिच्यावर सोपवलं. एकत्र राहणं मात्र सोडलं नाही.

यंदा नागपंचमीला मुलं सोबत असतील, तर त्यांना एवढं जरूर सांगा: हे वारूळ बांधणारी मुंगी नव्हे, ती झुरळाच्या घरातली आहे.